सूक्ष्मरंध्री पॉलिमर मेम्ब्रेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायू किंवा द्रव वेगळे करणाऱ्या पॉलिमर मेम्ब्रेनबद्दल, म्हणजे एक घटक जाऊ देणाऱ्या आणि दुसरा अडवणाऱ्या पातळ पडद्यांबद्दल, माझ्याकडे सतत प्रश्न येतात. विचारणारे बहुतेक एम.एस्सी.चे विद्यार्थी, नव्यानं पीएच.डी.ला लागलेले आणि अधूनमधून बायोगॅसचा प्रकल्प चालवणारे. तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वेगळं करायला डिस्टिलेशन आहे की. मग मेम्ब्रेनचा एवढा खटाटोप कशाला?

डिस्टिलेशनमध्ये द्रव उकळावा लागतो आणि पुन्हा थंड करावा लागतो. सगळी ऊर्जा त्यातच जाते. शॉल आणि लाइव्हली या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेला अंदाज असा, की एकट्या अमेरिकेत एकूण ऊर्जावापरापैकी १० ते १५ टक्के ऊर्जा रासायनिक मिश्रणं वेगळी करण्यात खर्च होते. मेम्ब्रेनमध्ये अवस्था बदलावी लागत नाही, दाबाच्या फरकावर काम होतं. म्हणून हा खटाटोप.

२. 'मायक्रोपोरस' म्हणजे नेमकं किती बारीक? बाजारात ०.२२ मायक्रॉनचा फिल्टरही याच नावानं मिळतो.

हा गोंधळ फार जणांचा होतो, आणि चूक विचारणाऱ्याची नाही. एकच शब्द दोन वेगळ्या अर्थांनी रुळला आहे.

फिल्टर विकणारे 'मायक्रोपोरस' म्हणतात तेव्हा छिद्र मायक्रॉनच्या घरातलं असतं. ०.२२ मायक्रॉन म्हणजे २२० नॅनोमीटर. पीव्हीडीएफ या प्लास्टिकचा किंवा नायलॉनचा असा फिल्टर जिवाणू अडवतो, औषधनिर्मितीत द्रावण निर्जंतुक करतो. पण त्यातून कोणताही वायू सहज आरपार जातो, कोणाची निवड होत नाही.

रसायनशास्त्रात आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संघटनेची व्याख्या चालते: २ नॅनोमीटरपेक्षा लहान ते मायक्रोपोर, २ ते ५० नॅनोमीटर मेसोपोर, त्याहून मोठं ते मॅक्रोपोर. या पानावर सगळीकडे हा दुसरा अर्थ धरला आहे. आपल्या कामाची पोकळी बहुतेक वेळा १ नॅनोमीटरपेक्षाही लहान असते. शोधनिबंध वाचताना आधी एककं बघा. मायक्रॉन दिसला तर तो वेगळा विषय आहे.

३. पॉलिमर म्हणजे लांब साखळ्यांचा गुंता. त्यात पोकळी राहतेच कशी?

साध्या पॉलिमरच्या साखळ्या लवचिक असतात. त्या वळतात, एकमेकींना बिलगतात आणि जागा भरून टाकतात. आता अशी साखळी डोळ्यांपुढे आणा जी वाकत नाही, फिरत नाही, आणि जिच्यात ठरावीक अंतरावर काटकोनी मुरड आहे. अशा साखळ्या कितीही दाबल्या तरी नीट रचल्या जात नाहीत. बाभळीच्या फांद्यांचा ढीग घातला तर मध्ये फटी राहतातच, तसंच हे.

मँचेस्टर विद्यापीठात पीटर बड आणि नील मॅक्‌किऑन यांच्या गटानं हीच कल्पना वापरून २००४ मध्ये पिम-१ हे पॉलिमर मांडलं. पिम म्हणजे अंगभूत सूक्ष्मरंध्रता असलेलं पॉलिमर. त्यातली मुरड स्पायरो-केंद्रामुळे येते: एकाच कार्बनवर दोन कडी जवळजवळ काटकोनात जोडलेली. दुसरा मोनोमर (साखळीचा सुटा घटक) फ्लुओरिन आणि नायट्राइल गट असलेला. दोन्हींमध्ये दुहेरी ईथर बंध बनत जातात, त्यामुळे साखळी शिडीसारखी होते आणि तिला फिरायला एकही एकेरी बंध मिळत नाही. डीएमएफ या द्रावकात पोटॅशियम कार्बोनेट घालून ६५ अंश सेल्सिअसला ७२ तास, ही मूळ कृती.

पिम-१ चं पृष्ठफळ, आतल्या पोकळ्यांच्या भिंती धरून, दर ग्रॅमला साधारण ७५० चौरस मीटर भरतं. म्हणजे चिमूटभर पिवळ्या पावडरीत सात गुंठ्यांहून जास्त जागा. आणि झिओलाइट या सच्छिद्र खनिजाला जे जमत नाही ते याला जमतं: हे क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं, त्यामुळे त्याची फिल्म ओतता येते.

४. म्हणजे ही चाळणीच ना? लहान रेणू जातो, मोठा अडकतो.

अर्धं बरोबर आहे. वायूंचे गतिज व्यास असे आहेत: हायड्रोजन २.८९ अँगस्ट्रॉम (१० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर), कार्बन डायऑक्साइड ३.३, ऑक्सिजन ३.४६, नायट्रोजन ३.६४, मिथेन ३.८. ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्यात फरक फक्त ०.१८ अँगस्ट्रॉमचा आहे. इतक्या अचूक मापाची छिद्रं कोणत्याही पॉलिमरमध्ये एकसारखी नसतात.

प्रत्यक्षात वायू आधी पॉलिमरमध्ये विरघळतो, मग पोकळीतून पोकळीत उड्या मारत पलीकडे पोचतो. पारगम्यता, म्हणजे वायू किती सहज आरपार जातो ते, ही विद्राव्यता गुणिले विसरण (आत सरकण्याचा वेग). निवडही या दोन्हींमधून होते. पिम-१ मध्ये कार्बन डायऑक्साइड वेगानं जातो तो लहान आहे म्हणून, आणि तितकाच तो भरपूर विरघळतो म्हणूनही. याचा एक उलटा परिणाम प्रश्न १५ मध्ये आहे.

५. बॅरर आणि जीपीयू यांत फरक काय? दोन निबंधांतले आकडे जुळतच नाहीत.

दोन्ही वायू किती सहज जातो ते मोजायची एककं. बॅरर हा पदार्थाचा गुण. तो जाडीवर अवलंबून नसतो, किमान नसायला हवा. जीपीयू हा तयार मेम्ब्रेनचा गुण, त्यात जाडी धरलेली असते. लक्षात ठेवायला सोपं: १ बॅररच्या पदार्थाचा १ मायक्रॉन जाड थर म्हणजे १ जीपीयू.

एक हिशोब करून बघा. पॉलिसल्फोन या रुळलेल्या पॉलिमरमध्ये कार्बन डायऑक्साइडची पारगम्यता साधारण ६ बॅरर. पिम-१ ची समजा ५,००० बॅरर. ऐकायला फरक आठशे पटींचा. आता पिम-१ ची प्रयोगशाळेतली फिल्म ५० मायक्रॉन जाड असेल तर तिचे १०० जीपीयू होतात. पॉलिसल्फोनच्या पोकळ धाग्यावरचा कामाचा थर ०.०६ मायक्रॉन असेल तर त्याचेही १०० जीपीयूच. पदार्थ आठशे पट सरस असूनही कारखान्यात दोघे बरोबरीत. म्हणून सुधारणेचा दावा वाचला की जाडी विचारायची सवय लावा.

६. 'रॉबसनची रेषा ओलांडली' असं सगळे लिहितात. त्याचा अर्थ काय आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा?

पारगम्यता वाढली की निवडक्षमता, म्हणजे दोन वायूंच्या पारगम्यतेचं गुणोत्तर, घसरते, हा पॉलिमरचा जुना स्वभाव. लॉइड रॉबसन यांनी १९९१ मध्ये उपलब्ध आकडे आलेखावर टाकून (आडवी पारगम्यता, उभी निवडक्षमता) दाखवलं, की सगळे बिंदू एका तिरप्या रेषेखाली बसतात. २००८ मध्ये त्यांनीच ती रेषा वर सरकवली, आणि त्यात पिम घराण्याचा मोठा वाटा होता. पुढे २०१५ मध्ये हायड्रोजनच्या जोड्यांसाठी आणि हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजन जोडीसाठी, २०१९ मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या जोड्यांसाठी इतर गटांनी ती आणखी वर नेली.

विश्वास ठेवण्याआधी तीन गोष्टी बघा. कोणत्या वर्षीच्या रेषेशी तुलना केली आहे? वायू एकेकटा सोडला की मिश्रण? आणि मोजमापाच्या दिवशी फिल्मचं वय किती होतं? तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच सर्रास वगळला जातो (प्रश्न ९).

७. पिम-१ ची फिल्म ओतली की तडकते. आमचं काय चुकतंय?

बहुधा दोहोंपैकी एक. तुकडे बघून ओळखता येतं.

फिल्म सुटी करताना पापडासारखी कडकड मोडत असेल तर रेणुभार कमी आहे. मोनोमर पुरेसे शुद्ध नव्हते, त्यांचं प्रमाण काटेकोर सारखं नव्हतं, किंवा साखळी लांब होण्याऐवजी तिची लहान लहान वर्तुळं झाली. अशा पावडरीतून चांगली फिल्म निघणार नाही, कितीही हळू वाळवा. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून मिथेनॉलमध्ये पुन्हा अवक्षेपित करा. तरी मोडलीच तर बॅच नव्यानं करा.

तुकडे लवचिक आहेत पण भेगा गोलाकार किंवा कडेनं आत आलेल्या असतील तर द्रावक फार वेगानं उडतोय. माझ्या सुरुवातीच्या कितीतरी फिल्म अशाच गेल्या. काचेची बशी फ्युम हूडमध्ये उघडी ठेवत होते, आणि हूडचा वारा थेट तिच्यावर येत होता. आता मी अशी करते: २ ते ३ टक्के द्रावण, आधी गाळून घेतलेलं. सपाट बुडाची काचेची बशी, पाणसळ लावून समतल केलेली. वर अॅल्युमिनियम फॉइल, त्याला टाचणीनं मोजकी भोकं. मग तीन-चार दिवस हात लावायचा नाही. चांगली फिल्म हळदीच्या पाण्यासारखी पिवळी आणि नितळ दिसते, अतिनील टॉर्चखाली हिरवट पिवळी चमकते. चमक ढगाळ असेल तर गाळणीत काहीतरी राहून गेलं.

८. फिल्म मिथेनॉलमध्ये का बुडवायची? ही पायरी गाळली तर चालेल का?

चालणार नाही, निदान तुमचे आकडे इतरांच्या आकड्यांशी तुलना करण्यासारखे राहणार नाहीत. वाळलेल्या फिल्ममध्ये क्लोरोफॉर्मचे अंश पोकळ्या अडवून बसलेले असतात. मिथेनॉल पिम-१ ला विरघळवत नाही पण फुगवतं, अडकलेला द्रावक धुऊन काढतं आणि साखळ्या सैल करतं. मग ते उडून गेलं की पोकळी उघडी राहते. साधारण एक दिवस बुडवून निर्वात भट्टीत वाळवायची पद्धत आहे. त्या दिवसाची तारीख फिल्मवर लिहा. फिल्मचं वय तिथून सुरू होतं.

९. पहिल्या आठवड्यात छान आकडे आले, महिन्याभरात पारगम्यता निम्म्याखाली. फिल्म खराब झाली का?

नाही, तिचं वय झालं. या क्षेत्रातली खरी लढाई हीच आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

पिम-१ सारख्या काचरूप पॉलिमरमधली पोकळी ही साखळ्यांना धड बसता न आल्यामुळे उरलेली जागा आहे. साखळ्या ताठ आहेत, पण पूर्ण स्थिर नाहीत. दिवसागणिक त्या किंचित सरकतात आणि पोकळी आक्रसते. पदार्थ तोच, वजन तेच, रासायनिक रचना तीच. फक्त आतली मोकळी जागा कमी होते. पारगम्यता घसरते आणि निवडक्षमता वाढते. म्हणजे जुनी फिल्म आलेखावर डावीकडे वर सरकते, आणि कधी कधी ताजी असताना रेषेखाली असलेली फिल्म म्हातारी झाल्यावर रेषा ओलांडते.

पुन्हा मिथेनॉलमध्ये बुडवली की फिल्म बरीचशी पूर्ववत होते. प्रयोगशाळेत हे सोयीचं आहे. हजारो चौरस मीटरच्या मॉड्यूलमध्ये ते दर महिन्याला करणं परवडणारं नाही.

वाईट बातमी जाडीची. थर जितका पातळ तितकं हे आक्रसणं वेगवान. जाड फिल्मला जे व्हायला महिने लागतात ते १ मायक्रॉनपेक्षा पातळ थरात काही दिवसांत होतं. आणि प्रश्न ५ मध्ये पाहिलं तसं, कारखान्याला पातळ थरच हवा असतो. ताज्या जाड फिल्मचा आकडा आणि वर्षभर चाललेल्या पातळ थराचा आकडा यांच्यात कितीतरी चांगले पॉलिमर अडकून पडले आहेत. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं: पहिल्या दिवशी मोजा, तिसाव्या दिवशी मोजा, शंभराव्या दिवशी मोजा, आणि तिन्ही छापा.

१०. मग मेम्ब्रेन सुधारायचं म्हणजे नेमकं काय काय करता येतं?

साखळीच आणखी ताठ करणं हा पहिला मार्ग. पिम-१ चं स्पायरो-केंद्र थोडं लवचिक असतं. त्याऐवजी ट्रोगर्स बेससारखी आखडलेली रचना घातली की पोकळीचं माप जास्त काटेकोर होतं. ट्रोगर्स बेस १८८७ पासून माहीत होता, पण त्याचं अशा कामाचं पॉलिमर २०१३ मध्ये आलं. ट्रिप्टिसीनच्या तीन पाती असलेल्या रचनेचाही असाच उपयोग होतो.

दुसरा मार्ग तयार पॉलिमरवर रसायन करण्याचा. पिम-१ चे नायट्राइल गट हाताशी आहेतच. त्यांचं अमिडोक्झाइम करता येतं, टेट्राझोल करता येतं (हे २०११ मध्ये दाखवलं गेलं), पाण्यानं विघटन करून कार्बोक्सिलिक आम्ल करता येतं. निवडक्षमता वाढते, पारगम्यता थोडी द्यावी लागते. नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी, कारण मूळ पॉलिमर एकच राहतं आणि फरक कशामुळे पडला ते स्वच्छ कळतं.

तिसरा उष्णतेचा. हायड्रॉक्सी गट असलेली पॉलिइमाइड फिल्म ४०० ते ४५० अंशांना तापवली तर तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि घन अवस्थेतच पॉलिबेन्झोक्झाझोल बनतं. दक्षिण कोरियातल्या हान्यांग विद्यापीठाच्या गटानं २००७ मध्ये हे मांडलं. आणखी तापवून पॉलिमरचा कोळसाच केला तर कार्बनची आण्विक चाळणी मिळते. निवड उत्तम, पण ठिसूळ.

क्रॉसलिंकिंग (साखळ्या एकमेकींना बंधांनी जोडणं) आणि भरण घालणं (पॉलिमरमध्ये दुसऱ्या पदार्थाचे कण मिसळणं) यांचा विचार अनुक्रमे प्रश्न १२ आणि ११ मध्ये आहे.

११. एमओएफचे कण घातले की सुधारणा होतेच, बरोबर?

कण आणि पॉलिमर एकमेकांना नीट चिकटले तरच. एमओएफ म्हणजे धातू आणि सेंद्रिय दुवे यांचे सच्छिद्र स्फटिक. त्यातल्या झिफ-८ ची खिडकी ३.४ अँगस्ट्रॉमची, कागदावर आकर्षक. पण कणाभोवती फट राहिली तर वायू कणात शिरतच नाही, बाजूनं निघून जातो. मग पारगम्यता वाढते, निवडक्षमता तीच राहते किंवा घसरते, आणि आपण समजतो एमओएफनं काम केलं. उलट पॉलिमरच्या साखळ्या कणाच्या छिद्रात शिरल्या तर ती बुजतात. फिल्म द्रवरूप नायट्रोजनमध्ये मोडून तिचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय दावा करू नये.

१२. दाब वाढवला की कार्बन डायऑक्साइडची पारगम्यता आधी घसरते आणि मग वर जाते. यंत्र बिघडलंय का?

यंत्र ठीक आहे, हे प्लास्टिसायझेशन. कमी दाबाला पोकळ्या भरत जातात म्हणून पारगम्यता घसरते. एका मर्यादेपुढे विरघळलेला वायूच पॉलिमरला फुगवतो, साखळ्या हलू लागतात आणि सगळ्यांनाच वाट मिळते, मिथेनलाही. एकेका वायूवर चाचणी घेतली तर हा तोटा लपतो, कारण शुद्ध मिथेन पॉलिमरला फुगवत नाही. मिश्रणावर चाचणी घेतली की निवडक्षमता कोसळलेली दिसते. क्रॉसलिंकिंगनं फुगणं आवरतं. बदल्यात फिल्म पुन्हा विरघळत नाही, म्हणून क्रॉसलिंकिंग थर तयार झाल्यावर करायचं.

१३. आमची कार्बन डायऑक्साइड-नायट्रोजन निवडक्षमता ०.८ आली. असं शक्य आहे का?

शक्य आहे, आणि ०.८ हा आकडाच निदान सांगतो. सूक्ष्म भोकांमधून वायू नुडसेन पद्धतीनं, म्हणजे रेणू एकमेकांपेक्षा भिंतींवरच जास्त आपटत, जातो तेव्हा निवड फक्त रेणुभाराच्या वर्गमुळानं ठरते: २८ भागिले ४४ चं वर्गमूळ ०.८. ऑक्सिजन-नायट्रोजन ०.९३ च्या आसपास आली तरी तेच. नेमकी १ आली तर भोक त्याहून मोठं आहे किंवा फिल्म बसवलेल्या चाचणी-सेलची ओ-रिंग गळतेय, आधी ती बघा.

पातळ थरात एखादं भोक राहतंच. सिलिकॉन रबराचा पातळ लेप देऊन ती बुजवण्याची युक्ती मोन्सँटोनं प्रिझम मेम्ब्रेनमध्ये वापरली, आणि त्यामुळेच पोकळ धाग्यांची वायुमेम्ब्रेन कारखान्यात टिकली.

१४. निवडक्षमता जितकी जास्त तितकं चांगलं ना?

दाबाचं गुणोत्तर परवानगी देईल तिथपर्यंतच. औष्णिक केंद्राच्या धुराड्यातल्या वायूत १३ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि मेम्ब्रेनच्या दोन बाजूंच्या दाबाचं गुणोत्तर ५ आहे असं धरा. पलीकडच्या वायूत तो जास्तीत जास्त १३ गुणिले ५, म्हणजे ६५ टक्के होऊ शकतो. निवडक्षमता ५० असो की ५,०००, ही मर्यादा ओलांडता येत नाही. इथे पारगम्यता वाढवून क्षेत्रफळ वाचवणं जास्त शहाणपणाचं. नैसर्गिक वायू जमिनीतूनच जास्त दाबानं येतो, तिथे मात्र निवडक्षमतेला पूर्ण किंमत मिळते.

१५. मोठा रेणू लहानाच्या आधी जातो, असं कधी होतं का?

होतं. पॉलिट्रायमिथिलसिलिलप्रोपाइन, म्हणजे पीटीएमएसपी, या अतिसच्छिद्र पॉलिमरमध्ये ब्युटेन मिथेनपेक्षा वेगानं जातो. ब्युटेन सहज द्रवरूप होणारा, म्हणून तो पोकळ्यांमध्ये दाट साठतो आणि मिथेनची वाटच अडवतो. गंमत अशी, की शुद्ध मिथेन सोडला तर तो झपाट्यानं जातो, ब्युटेन सोबत आला की मंदावतो. म्हणून दोन शुद्ध वायूंच्या आकड्यांचा भागाकार करून काढलेली निवडक्षमता इथे दिशाभूल करते.

१६. आमच्या साखर कारखान्याच्या बायोगॅससाठी पिम-१ वापरता येईल का?

आज नाही. मळी किंवा स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) यांपासूनच्या बायोगॅसमध्ये ढोबळमानानं ५५ ते ६५ टक्के मिथेन, उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड, शिवाय हायड्रोजन सल्फाइड आणि बाष्प असतं. भारतीय मानकाप्रमाणे बायो-सीएनजीत किमान ९० टक्के मिथेन लागतो. त्यासाठी पॉलिइमाइडचे पोकळ धागे दोन-तीन टप्प्यांत लावलेले मिळतात. ते घ्या. आणि खर्च आधी हायड्रोजन सल्फाइड काढण्यावर व वायू कोरडा करण्यावर करा. मेम्ब्रेन मुख्यतः तिथल्या हलगर्जीपणानं मरतात.

१७. घरच्या आरओमध्ये हेच असतं का?

जवळचं, पण हेच नाही. आरओचा कामाचा थर पॉलिअमाइडचा, सुमारे १०० ते २०० नॅनोमीटर जाड, पॉलिसल्फोनच्या आधारावर तिथल्या तिथे तयार केलेला. त्याआधी सेल्युलोज अॅसिटेटचं असममित मेम्ब्रेन होतं, ते सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी लॉस एंजेलिसमध्ये घडवलं. खाली जाड सच्छिद्र आधार आणि त्यावर अतिपातळ कातडी, ही त्यांची कल्पना आजही कारखान्यातल्या बहुतेक मेम्ब्रेनमध्ये आहे, वायूच्यासुद्धा.

१८. द्रावकं वेगळी करायला या पॉलिमरचा उपयोग होतो का? क्लोरोफॉर्ममध्ये तर ते विरघळतात.

म्हणूनच विरघळणार नाही अशी रूपं लागतात. सेंद्रिय द्रावकांवर मेम्ब्रेन टिकतं हे १९९८ मध्ये टेक्सासच्या बोमाँट रिफायनरीत दिसलं, तिथे पॉलिइमाइड मेम्ब्रेननं वंगणतेलातून मेण काढायच्या प्रक्रियेतलं द्रावक परत मिळवायला सुरुवात झाली. २०२० मध्ये जॉर्जिया टेक आणि इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी एक्झॉनमोबिलबरोबर स्पायरो-रचनेच्या पॉलिमरनं हलकं कच्चं तेल न उकळता हलक्या आणि जड भागांत विभागून दाखवलं.

द्रवांमध्ये वय होण्याचा त्रास कमी जाणवतो, कारण द्रावकच पोकळ्या फुगवून ठेवतो. पण फुगलेल्या पोकळीचं माप कोरड्या फिल्मच्या मापापेक्षा वेगळं असतं. नायट्रोजन शोषणावरून काढलेला पृष्ठफळाचा आकडा इथे उपयोगी पडत नाही. ज्या द्रावकात वापरायचं त्याच द्रावकात, वेगवेगळ्या आकाराचे रंग किंवा पॉलिस्टायरिनचे तुकडे सोडून मापन करावं लागतं. चाचणी पहिल्या तासावर थांबवू नका. दाबाखाली आधाराचा थर चेपत जातो, आणि प्रवाह स्थिर व्हायला कधी कधी अख्खा दिवस लागतो.